आकडा एकदाच लिहावा

गृहनिर्माण सोसायट्यांची मेंटेनन्सची बिले आता बहुधा संगणकावरच निघतात. लहान सोसायट्यांत त्यासाठी एक्सेल वापरले जाते. रीत मात्र बऱ्याचदा वहीचीच असते. मागच्या महिन्याच्या शीटची कॉपी काढायची, तारीख बदलायची, थकबाकी कॅल्क्युलेटरवर मोजून टाइप करायची आणि तोच आकडा पुन्हा बिलात आणि नोटीस बोर्डावरच्या यादीत लिहायचा. अशा कामात वेळ हिशेबाला कमी आणि नकलेला जास्त लागतो. चुकाही नकलेतच होतात.

स्प्रेडशीट जन्माला आली ती हाच त्रास वाचवण्यासाठी. फळ्यावरच्या कोष्टकातला एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना खटकले. त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्यासह तयार केलेले व्हिजिकॅल्क १९७९ मध्ये ॲपल टू संगणकासाठी बाजारात आले. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप बदलावेत, हे या सगळ्यांमागचे सूत्र. त्याचा फायदा मिळायचा तर प्रत्येक माहिती एकाच जागी आणि एकदाच लिहिलेली असावी लागते.

म्हणून सुरुवात मांडणीपासून करावी. बारा महिन्यांच्या बारा शीट करण्याऐवजी तीन याद्या पुरतात: सदनिकांची, आकारणीची आणि जमेची. एका ओळीत एकच नोंद आणि एका कॉलममध्ये एकाच प्रकारची माहिती. जमेच्या यादीत तारीख, सदनिका क्रमांक, रक्कम आणि पावती क्रमांक एवढेच कॉलम असले तरी चालते. मध्ये रिकाम्या ओळी सोडणे आणि सेल मर्ज करणे टाळावे. दिसायला ते नीटनेटके वाटते, पण त्यामुळे सॉर्ट आणि फिल्टर अडतात. यादी निवडून कंट्रोल-टी दाबले की तिचे टेबल होते. मग खाली नवी नोंद केली की टेबल स्वतःच वाढते आणि फॉर्म्युलाही त्या ओळीत उतरतो.

दर स्वतंत्र सेलमध्ये ठेवावेत. भाड्याने दिलेल्या सदनिकेसाठी महाराष्ट्रात सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त १० टक्के बिनभोगवटा शुल्क घेता येते. हा १० चा आकडा प्रत्येक फॉर्म्युल्यात टाइप केला, तर दर बदलल्यावर शंभर ठिकाणी हात घालावा लागतो. तो एका सेलमध्ये असला आणि फॉर्म्युल्यात एफ-४ दाबून त्या सेलचा पत्ता पक्का केला, तर एकच बदल पुरतो.

सदनिका क्रमांकावरून सभासदाचे नाव आणायला व्हीलुकअप आहे. त्यात शेवटी फॉल्स लिहायला विसरले, तर ते तंतोतंत जुळणीऐवजी जवळची जुळणी शोधते आणि भलत्याचेच नाव बिनबोभाट आणून ठेवते. एक्सेल २०२१ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या एक्सलुकअपमध्ये मुळातच तंतोतंत जुळणी गृहीत धरलेली असते. कोणाची किती आकारणी झाली आणि किती जमा आली, याची बेरीज समइफ्सने होते. त्यांतली वजाबाकी म्हणजे थकबाकी. महिनावार गोषवारा हवा असेल, तर पिव्हट टेबल तो माऊसच्या काही क्लिकमध्ये देते.

आकडे आत येतानाच तपासले, तर नंतरची शोधाशोध वाचते. संगणकाचे रीजन सेटिंग अमेरिकेचे असेल, तर ०४/०५ म्हणजे ४ मे न होता ५ एप्रिल होतो, आणि २५/०४ पुढे वर्ष लिहिले तरी ती तारीख न राहता नुसता मजकूर उरतो. सेटिंग भारताचे केले की तारखा ताळ्यावर येतात आणि स्वल्पविरामही लाख-कोटींप्रमाणे पडतात. एक्सेल संख्येतले १५ च अंक जपते. त्यामुळे १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि सुरुवातीची शून्ये तर गळूनच पडतात. असे क्रमांक लिहिण्याआधी कॉलमचा प्रकार टेक्स्ट करावा. सदनिका क्रमांकासाठी डेटा व्हॅलिडेशनची यादी लावली, तर ‘ए-१०१’ आणि ‘ए १०१’ अशी दोन रूपे तयार होत नाहीत.

या गोष्टी किरकोळ वाटतात, पण २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या सुमारे १६,००० रुग्णांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीतून सुटल्या आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध लांबला. माहिती जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये भरली जात होती. तिच्यात ६५,५३६ ओळीच मावतात. नव्या एक्सएलएसएक्समध्ये त्या १०,४८,५७६ आहेत.

बिले छापण्यासाठी वर्डमधील मेल मर्ज वापरावे. बिलाचा एकच नमुना करून त्यात नाव, सदनिका आणि रकमेच्या जागा एक्सेलच्या यादीला जोडल्या, की सगळ्यांची बिले एकदम तयार होतात. थकबाकीच्या नोटिसाही त्याच यादीवर फिल्टर लावून निघतात. त्यासाठी वेगळे टायपिंग लागत नाही.

खर्चाच्या बाजूनेही पर्याय आहेत. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झालेले लिबरऑफिस मोफत आहे आणि सूत्रे, पिव्हट टेबल, मेल मर्ज ही कामे त्यातही होतात. गुगल शीट्समध्ये दोघांना एकाच वेळी एका फाइलवर काम करता येते आणि जुन्या आवृत्त्या आपोआप जपल्या जातात. ‘फायनल’, ‘फायनल २’ अशा प्रती साठत नाहीत.

स्प्रेडशीटची मर्यादाही ध्यानात ठेवावी. लिहिलेली रक्कम नंतर कोणीही बदलू शकतो, आणि साध्या फाइलवरून तो बदल कोणी केला हे कळत नाही. म्हणून बिले आणि याद्या एक्सेलमध्ये असल्या तरी ऑडिटला जाणारी कीर्द-खतावणी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा बांधीव वहीत ठेवणेच योग्य.