नकाशात सफाई कामगार कुठे आहे?

आपल्या मुलांनी डॉक्टर, इंजिनिअर, फार तर वकील व्हावे, एवढ्यावरच आपली स्वप्ने थांबतात. आर्किटेक्ट म्हटले की श्रीमंतांचे बंगले डोळ्यांसमोर येतात. माझाही हाच समज होता. आमच्या वस्तीतल्या एका मुलीने तो मोडला. औषध कारखाने आणि संशोधन प्रयोगशाळांचे आराखडे करणाऱ्या कार्यालयात ती काम करते. परवा तिने माझ्या टेबलावर, वकीलपत्रांच्या ढिगावरच, एक नकाशा पसरला. म्हणाली, "वकीलकाका, यात काय नाही ते शोधा."

मला काय कळणार! मग तिनेच समजावले. इंजेक्शनचे औषध जिथे उघड्यावर भरले जाते, तिथे एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन वा त्याहून मोठे कण 3520 पेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणून त्या खोलीत हवेचा दाब जास्त ठेवतात. दार उघडले तरी बाहेरची धूळ आत येत नाही. घातक विषाणूंच्या प्रयोगशाळेत, जशी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत आहे, नेमके उलट. तिथे दाब कमी, हवा आत ओढली जाते आणि गाळूनच बाहेर सोडली जाते. माणसे कुठून येणार, कपडे कुठे बदलणार, कचरा कुठल्या दाराने जाणार, हे सारे भिंत उभी राहण्याआधी कागदावर ठरते.

ज्या देशात शुद्ध-अशुद्ध जन्मावरून ठरले, त्याच देशात या खोलीची शुद्धता यंत्राने मोजतात! संचालक असो वा झाडूवाला, टोपी, झगा, बूट सगळ्यांना सारखेच.

पण समता तेवढ्या खोलीपुरतीच. नकाशात नव्हती ती सफाई करणाऱ्या बायकांना डबा खायला जागा. शास्त्रज्ञांना कॅफेटेरिया होता, प्रयोगाच्या प्राण्यांच्या खाद्याला कोठार होते, बादल्या-फडक्यांनाही खोली होती. बायका जिन्याखाली बसणार. या कामावर कोणत्या समाजाच्या बायका असतात, ते वाचकांना सांगायला नको.

कायदा नव्हता असे नाही. 1948 च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम 47 ने दीडशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात विसाव्याची व जेवणाची खोली सक्तीची केली होती. पण संशोधन संस्था म्हणते, आम्ही कारखाना नाही. आणि ठेकेदाराची माणसे कुणाच्याच हजेरीत भरत नाहीत. असे दावे मी चालवले आहेत. इमारत उभी राहिल्यावर कोर्टाकडून फार तर पत्र्याची शेड पदरात पडते.

पोलिओची लस तयार करणाऱ्या जोनास साल्क यांच्यासाठी लुई कान यांनी कॅलिफोर्नियात संस्था उभारली. इमारत 1965 मध्ये पूर्ण झाली. तिथे प्रयोगशाळांच्या डोक्यावर पाइप-तारांसाठी माणूस ताठ उभा राहील एवढा वेगळा मजला आहे. दुरुस्ती करणाऱ्याला रांगावे लागत नाही. कान गरीब स्थलांतरिताच्या घरातले होते. ते आठवले असेल, असा आपला माझा तर्क.

खासगी आर्किटेक्टच्या कार्यालयांत आरक्षण नाही. पाच वर्षांचे शिक्षण, त्यात ड्रॉइंग आणि मॉडेलचा खर्च वेगळा. जयंतीच्या मंडपातला थोडा पैसा तिकडे वळवा म्हटले, तर काही कार्यकर्ते रागावतील. रागावू द्या.

मुलीने वरिष्ठांना विचारले. "क्लायंटने मागितलेले नाही," हे उत्तर. तिने स्टोअरमधून बारा फूट बाय दहा फूट जागा काढली, खिडकीसह खोली आखली आणि नकाशा पुन्हा पाठवला. मंजुरी अजून आलेली नाही.