रंगाच्या पिंपात काय आहे?

विद्यार्थी मित्रांनो, ईदसाठी नवे कापड घेताना तुम्ही काय पाहता? रंग खुलून दिसतो का आणि धुतल्यावर उतरणार तर नाही ना, एवढेच ना? भिवंडी-मालेगावच्या मुलांना यंत्रमागाचा खडखडाट ओळखीचा आहे. पण सूत ज्या पिंपात बुडवतात, त्यात काय असते, हे तुमच्यापैकी फार थोड्यांनी विचारले असेल.

जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात लुडविग रेन नावाचे शस्त्रवैद्य होते. किरमिजी रंग तयार करणाऱ्या कामगारांपैकी काहींच्या मूत्राशयात गाठी झालेल्या त्यांना आढळल्या. हा रोग कामातूनच आला आहे, असे त्यांनी १८९५ मध्ये जाहीरपणे मांडले. दोष नेमका कोणत्या रसायनांचा, हे पुढे कळले. बेन्झिडीन हे त्यांतलेच एक. ते श्वासावाटे शरीरात जाते, कातडीतूनही शिरते. त्यापासून बनलेले विषारी घटक मूत्रपिंडे रक्तातून गाळून काढतात. मग लघवीबरोबर ते तासन्‌तास मूत्राशयात साठून राहतात, म्हणून घाव तिथेच बसतो. पण तो लगेच दिसत नाही. पुष्कळदा वीस-वीस वर्षे माणूस धडधाकट असतो!

ब्रिटनने १९६७ मध्ये बेन्झिडीनवर कायद्याने बंदी घातली. पुढे १९९४ मध्ये जर्मनीने नियम केला, की ज्या रंगांतून असे घातक घटक सुटतात, त्या रंगांचे कपडे विकायचे नाहीत. आपल्या निर्यातदारांची धावपळ उडाली. १९९७ पर्यंत भारतातही अशा ११२ रंगांवर बंदी आली.

बंदी योग्यच होती. पण मला एक गोष्ट खटकते. रेन यांच्या शोधाला तोपर्यंत शंभर वर्षे होऊन गेली होती. परदेशात कपडा घालणाऱ्याच्या कातडीचा प्रश्न आला, तेव्हा हालचाल झाली. इथे दंडापर्यंत हात रंगात बुडवणारा रंगारी मात्र आधीपासूनच होता.

सगळेच रंग घातक असतात असे मी म्हणत नाही. विडी-सिगारेटनेही मूत्राशयाचा कर्करोग होतो, हेही खरे. मालक नेमका याचाच आधार घेतो. आजारी कामगाराला तो विचारतो, "तू विडी ओढत होतास ना?" यावर कामगार काय उत्तर देणार? रोजंदारीवर त्याने पाच ठिकाणी काम केलेले असते. कोणत्या वर्षी, कोणता रंग हाताळला, याचा कागद कुठेच नसतो.

अॅस्बेस्टॉसच्या कामगारांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये आदेश दिला होता. कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा काम सुटल्यावर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोपर्यंत प्रत्येकाच्या तब्येतीची नोंद जपून ठेवावी, असे न्यायालयाने सांगितले. रंगकामगारांसाठीही असेच नोंदीचे पुस्तक प्रत्येक रंगशाळेत असले पाहिजे, मग तिथे पाचच माणसे का असेनात. त्यात पिंपातल्या रंगाचे नावही लिहावे, आणि तेही कामगाराला वाचता येईल अशा भाषेत.