हमीद आमचे जामीनदार नाहीत

दरवर्षी २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला झेंडावंदन झाले की आमच्या उर्दू शाळांत एक भाषण ठरलेले असते : परमवीरचक्र विजेते शहीद अब्दुल हमीद. ब्रह्मपुरीत उर्दू माध्यमाला शिकवणारे आम्ही शिक्षक ते लिहून देतो. सातवीतला खणखणीत आवाजाचा एखादा मुलगा ते पाठ करून म्हणतो. पाहुणे टाळ्या वाजवतात. या भाषणात लढाई चार वाक्यांत आटोपते. उरलेला सगळा वेळ मुलगा एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगतो : आम्हीही वफादार आहोत, आम्हीही रक्त सांडले आहे.

बारा वर्षांच्या पोराने असा कोणता गुन्हा केला आहे की त्याने भर मैदानात ही जबानी द्यावी? ती त्याच्या तोंडी घातली कोणी? आम्हीच. म्हणून ही तक्रार प्रथम आमच्याविरुद्ध आहे.

त्याच मुलाला विचारा, हमीद यांनी केले काय? तो म्हणेल, रणगाडे फोडले. किती? कोणी तीन म्हणतो, कोणी सात, कोणी आठ. कसे फोडले? यावर सगळे गप्प.

तर ऐका. सप्टेंबर १९६५. पंजाबातल्या खेमकरण भागात पाकिस्तानच्या चिलखती दलाने पॅटन रणगाड्यांनिशी धडक दिली. असल उत्तर गावाच्या परिसरात त्यांना अडवणाऱ्या पायदळात ४ ग्रेनेडियर्स ही पलटण होती. गाजीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे हमीद तिच्यात कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे शिधासामग्रीचा हिशेब पाहणारे. पण १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेवर त्यांचा हात बसलेला होता, म्हणून त्या तोफेची जीप त्यांच्या ताब्यात आली. या तोफेचा गोळा पुढे जातो आणि जळता वायू मागून बाहेर पडतो. त्यामुळे तोफेला धक्का बसत नाही, ती साध्या जीपवर बसवता येते. पण मागे धुराळा उठतो आणि तोफ कुठे लपली आहे ते शत्रूला कळते. म्हणून एक गोळा मारला की जागा बदलायची. जीपला चिलखत नसते. हमीद पिकाच्या आडोशाने रणगाडा जवळ येऊ देत, मारत आणि जागा बदलत. १० सप्टेंबरला रणगाड्यांनी त्यांना हेरले. तरी ते मारत राहिले आणि त्यातच एका गोळ्याने त्यांचा घास घेतला. परमवीरचक्र मरणोत्तर मिळाले.

आपल्या सैन्याने त्या शिवारात पाणी सोडले होते आणि कित्येक पॅटन चिखलात रुतले. आमच्या मुलांना हे फळ्यावर समजावण्याचीसुद्धा गरज नाही. रोवणीच्या दिवसांत धानाच्या बांधीत फसलेला ट्रॅक्टर त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असतो. पण आम्ही हे कधी सांगितलेच नाही. आम्हाला हमीद यांची लढाई नको होती, त्यांची सही हवी होती.

आता दुसरा माणूस पाहा. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. हातबॉम्बने गन बंद पाडली, एकाला गोळी घातली. काडतुसे भरायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले. वय अवघे २२. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावात पुतळा आहे. ते इंग्लंडच्या राजाच्या फौजेत लढले, तरी त्यांच्या नावाने कोणाला कसली वफादारी सिद्ध करावी लागत नाही. लोक त्यांचा पराक्रम सांगतात आणि थांबतात. आम्हाला हमीद यांच्यासाठी एवढाच हक्क हवा आहे.

काही बांधव म्हणतील, दिवस वाईट आहेत, अशा वेळी हे नाव पुढे करायचे नाही तर कधी? आम्ही विचारतो, पुढे करून मिळाले काय? २०२५ मध्ये खुद्द धामूपूरच्या शाळेच्या दारावरचे हमीद यांचे नाव रंगाखाली गेले. घरच्यांनी आणि लोकांनी आवाज उठवला तेव्हा ते पुन्हा लिहिले गेले. साठ वर्षे सनद म्हणून दाखवलेल्या नावाची ही गत! ज्याला संशय घ्यायचा आहे त्याला एक परमवीर पुरत नाही आणि दहाही पुरणार नाहीत. ज्याला संशय नाही त्याला सनद लागत नाही. मग आम्ही ती दाखवतो कोणाला?

शिवाय या सनदेपायी आम्ही आमचाच इतिहास आखूड करून घेतला. पहिल्या महायुद्धात ११०वी, ११७वी अशा मराठा पलटणींत दखनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. कुटच्या वेढ्यात १९१५-१६ साली या पलटणी अडकल्या, तेव्हा समोर खलिफाची तुर्की फौज होती. ही माणसे आपल्याच मुलखातली. पण त्यांच्या कथेतून वफादारीचे सोपे भाषण निघत नाही, म्हणून ती आमच्या एकाही वर्गात शिरली नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, येत्या झेंडावंदनाला भाषण जरूर ठेवा. त्यात जीप कुठे लपली होती ते येऊ द्या, धुराळा का उठत होता ते येऊ द्या. एखाद्या वर्षी त्याच मंचावरून आमच्या मुलीला यशवंत घाडगे सांगू द्या, उर्दूत आणि मराठीतही. आणि हमीद यांची गोष्ट त्या जीपपाशीच संपवा. पुढचे "आम्हीही" खोडून टाका. ते आम्ही लिहिले होते, आम्हीच खोडायचे आहे.