स्टुडबेकर म्हणे बदललीच नाही!

व्यवस्थापनावरच्या व्याख्यानांत स्टुडबेकर या अमेरिकन मोटार कंपनीचं नाव हल्ली एकाच कामासाठी निघतं, बुडण्याचं उदाहरण म्हणून. मूळचे घोडागाडीवाले, काळाबरोबर बदलले नाहीत, आणि उरलासुरला जीव कामगारांच्या मागण्यांनी घेतला. 114 वर्षांच्या उद्योगाचा निकाल वक्ता अर्ध्या मिनिटात लावतो आणि टाळ्या घेतो.

‘बदलले नाहीत’ हे धडधडीत खोटं आहे. 1852 साली हेन्री आणि क्लेम स्टुडबेकर या भावांनी इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडमध्ये 68 डॉलरच्या भांडवलावर लोहारकामाचं दुकान थाटलं. तिसरा भाऊ जॉन सोन्याच्या मागे कॅलिफोर्नियाला गेला, पण सोनं खणत बसला नाही. तिथल्या प्लॅसरव्हिलच्या खाणकऱ्यांना माती वाहायला एकचाकी हातगाडी लागत होती. एक लाकडी चाक, दोन दांडे, मध्ये खोका. त्या गाड्या बनवून त्याने सुमारे 8,000 डॉलर जमवले आणि 1858 मध्ये ते घरच्या धंद्यात घातले. पुढे यादवी युद्धात याच कारखान्याच्या गाड्या उत्तरेच्या सैन्याने वापरल्या.

1902 मध्ये कंपनीने विजेची मोटार बाजारात आणली, 1904 मध्ये पेट्रोलची. ज्या घोडागाड्यांनी घराणं वर आणलं, त्यांचं उत्पादन तिने 1920 मध्ये स्वतःच्या हाताने थांबवलं. 1939 ची ‘चँपियन’ हलकी आणि कमी पेट्रोल पिणारी होती. दुसऱ्या महायुद्धात इथे बी-17 विमानांची इंजिनं तयार झाली; इथले ट्रक सोव्हिएत सैन्यापर्यंत पोचले आणि त्यांच्या पाठीवर कात्युशा रॉकेटं चढली. युद्ध संपल्यावर बड्या कंपन्या 1942 ची मॉडेलं थोडीफार सजवून विकत होत्या, तेव्हा स्टुडबेकरने 1946 मध्येच पूर्णपणे नवी गाडी रस्त्यावर आणली. तिच्या कूपे म्हणजे दोन दारांच्या मॉडेलची मागची काच बाजूंपर्यंत इतकी वळलेली होती, की गाडी येतेय की जातेय तेच कळत नाही, अशी लोक थट्टा करत. थट्टा केली आणि विकतही घेतली. 1950 चं मॉडेल तीन लाखांहून अधिक बनलं. याला न बदलणं म्हणायचं, तर बदलणं कशाला म्हणायचं?

‘बदलले नाहीत’ या आरोपाच्या मुळाशी एक जुना समज आहे. मोटार आली आणि बग्गीवाले डोळे मिटून बसले, असं वर्षानुवर्षं शिकवलं जातं. जनरल मोटर्स उभी करणारा विल्यम ड्युरंट त्याआधी फ्लिंटमध्ये बग्ग्याच बनवत होता. पण तो त्या गोष्टीत बसत नाही, म्हणून गाळला जातो.

कामगारांचा हावरटपणा? 1954 मध्ये त्यांनी मतदान करून स्वतःची मजुरी कमी करून घेतली. गाड्या दिसायला सुमार? 1953 ची ‘स्टारलायनर’ न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने निवडक दहा मोटारींच्या प्रदर्शनात मांडली होती.

मग कंपनी बुडाली कशाने? पैसा कुठे गेला ते पाहावं. महामंदीत अध्यक्ष अल्बर्ट अर्स्किन यांनी नफ्यापेक्षा जास्त लाभांश वाटला आणि 1933 मध्ये कारखाना न्यायालयाच्या ताब्यात गेला. त्यातून ती सावरली. 1953 मध्ये ग्राहक कूपे मागत होते, कारखान्याने तयारी केली होती सेडानची. त्यातच फोर्ड आणि शेव्हरोले यांच्यात किमतींची लढाई पेटली, आणि तिच्यात लहान कंपन्या भरडल्या गेल्या. 1954 मध्ये पॅकार्ड या मोटार कंपनीशी झालेल्या विलीनीकरणानेही हात दिला नाही. 1959 मध्ये ‘लार्क’ या गाडीने घसघशीत नफा आणला, तेव्हा तो पुढच्या गाडीत ओतायला हवा होता. पण संचालकांचं लक्ष मोटारीबाहेरचे धंदे विकत घेण्याकडे वळलं.

डिसेंबर 1963 मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद झाला; कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये शेवटची गाडी मार्च 1966 मध्ये बनली. पेन्शन निधीत पुरेसे पैसे नव्हतेच. साठी गाठलेल्या जुन्या कामगारांना ठरलेली पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या चार हजारांहून अधिक जणांच्या हाती त्यांच्या हक्काचा जेमतेम 15 टक्के भाग पडला, चाळिशीच्या आतल्यांना काहीच नाही. अमेरिकेत खाजगी पेन्शनला संरक्षण देणारा कायदा 1974 मध्ये झाला, आणि त्याच्या चर्चेत साउथ बेंडच्या या माणसांचा दाखला पुन्हा पुन्हा निघाला. व्याख्यानात त्यांचा उल्लेखही येत नाही.