वाटप झालं, परत कधी येणार?

आठवीत असताना मला एका क्लबकडून दप्तर मिळालं होतं. आम्हा बारा मुलांना तासभर आधीच रांगेत उभं केलं. पाहुणे उशिरा आले, भाषणं झाली, मग एकेकाचं नाव पुकारलं. दप्तर माझ्या हातात आलं तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, “नीट आला नाही, परत एकदा द्या.” मी दप्तर पाहुण्यांना परत दिलं आणि पुन्हा घेतलं. या वेळी हसायलाही सांगितलं गेलं.

दहा वर्षांनी मी तशाच एका क्लबच्या युवा शाखेत होतो आणि कॅमेरा माझ्या हातात होता. “बाळा, जरा इकडे बघ. दप्तर थोडं वर धर.” हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, मोजलेलं नाही. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते बाहेरून मारलेले दगड नाहीत. या कारभारात मी दोन्ही बाजूंनी उभा राहिलोय.

रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली, लायन्स १९१७ साली. आज महाराष्ट्रात तालुक्याच्या गावातही यांचा नाहीतर यांच्यासारखा एखादा क्लब असतो. डॉक्टर, वकील, सोनार, बिल्डर, हॉटेलवाले. माणसं वाईट नसतात. बहुतेकांना खरंच काहीतरी करायचं असतं. माझं भांडण त्यांच्या मनाशी नाही, त्यांच्या कॅलेंडरशी आहे.

१ जुलैला क्लबचं नवं वर्ष सुरू होतं. पदग्रहण समारंभ होतो, नवा अध्यक्ष येतो. त्याच्या हातात बारा महिने असतात. वर्षअखेरीस वरच्या पातळीवर अहवाल जातो, बक्षिसं मिळतात. मग या बारा महिन्यांत काय बसतं? वाटप बसतं. वह्यावाटप, ब्लँकेटवाटप, सॅनिटरी पॅडवाटप, वृक्षारोपण. एका सकाळी सुरू होऊन दुपारच्या जेवणाआधी संपेल असं सगळं. जे तीन वर्षं रेटावं लागेल, ते कोणाच्याच वर्षात बसत नाही. मागच्या अध्यक्षाचं काम पुढे चालवलं तर नाव त्याचं होतं, म्हणून दरवर्षी नवा फलक आणि नवं उद्घाटन.

जिल्हा परिषदेच्या शाळेतलं आरओ मशीन घ्या. क्लबने बसवलं, फीत कापली, भिंतीवर नावांची पाटी लागली. वर्षाभरात फिल्टर बदलायची वेळ येते. पैसे कोण देणार? शाळेला मिळणारा सादिल निधी खडू-फळा-झाडूलाच पुरत नाही. वीजबिल थकलं की वीज तोडली जाते, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. मशीन बंद पडतं. पाटी मात्र शाबूत असते. मुलं पुन्हा घरून बाटली आणतात.

इथे हमखास एक प्रश्न येतो: “काहीच न करणाऱ्यांपेक्षा बरं ना?”

नाही, दरवेळी बरं नसतं. बंद पडलेलं मशीन शाळेत उभं असतं तोवर शाळेच्या माहितीत ‘शुद्ध पाण्याची सोय’ या रकान्यात ‘आहे’ असंच जायची भीती असते. पुढचा देणगीदार येतो, मशीन बघतो आणि दुसरी शाळा शोधतो. शाळा व्यवस्थापन समितीने मागणी केली तर उत्तर मिळतं, “तुम्हाला दिलंय की.” अर्धवट मदत खऱ्या मदतीची जागा अडवून बसते. काहीच मिळालं नसतं तर निदान गरज उघड दिसली असती.

रक्तदान शिबिरांचंही तेच. पुढाऱ्याचा वाढदिवस, क्लबचा वर्धापनदिन, राष्ट्रीय सण, सगळी शिबिरं ठरावीक तारखांना दाटीवाटीने होतात. रक्तातल्या तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि लोक गावी गेलेले असताना, रक्तपेढ्या आवाहनं करत असतात. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं. त्याला तुमच्या वर्धापनदिनाशी काही देणंघेणं नाही. रक्तपेढीला एक फोन करून “तुम्हाला कधी कमी पडतं?” एवढं विचारलं तरी शिबिराची तारीख बदलेल. पण मेच्या उन्हात पाहुणे येत नाहीत.

आता निधी. समजा, क्लबने संगीत रजनी ठेवली. तिकिटं आणि जाहिराती मिळून पाच लाख जमले. हॉल, वाद्यवृंद, साउंड, जेवण, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं यांत साडेतीन लाख गेले. उरले दीड. स्टेजवर घोषणा कुठल्या आकड्याची होते? पाचाची. लोकांना गाणी ऐकायची असतील तर जरूर ऐकावीत, आनंदावर माझा राग नाही. पण त्या संध्याकाळी मी हजाराचं तिकीट काढलं असेल, तर त्यातले सातशे माझ्याच करमणुकीला आणि जेवणाला गेले. मी हजार रुपये दान केले, हे मी स्वतःलाही सांगू नये.

याच महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने मुष्टिफंड उभा केला. बाई दळायला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढायची आणि त्यावर वसतिगृहातली मुलं जेवायची. त्या मुठीचा फोटो निघत नव्हता. पण ती मूठ पुन्हा पुन्हा निघत होती, कारण भूक पुन्हा पुन्हा लागते. देणारीला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

“क्लबकडून एवढी चिकाटी होणारच नाही” असंही मी म्हणणार नाही. कारण ती झालेली आहे. रोटरीने पोलिओविरुद्धची मोहीम १९८५ साली हातात घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये हावड्याला सापडला आणि २०१४ साली देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. काम सरकारचं होतं, पाय अंगणवाडी सेविकांचे आणि आशाताईंचे होते, सोबत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ होती. पण क्लबांनी पैसा दिला, बूथवर माणसं दिली, आणि मुख्य म्हणजे अध्यक्ष दरवर्षी बदलत असूनही हा विषय सोडला नाही.

त्या मोहिमेत घरांच्या दारांवर, भिंतींवर खडूने खुणा केल्या जायच्या. सगळ्या मुलांना डोस मिळाला की ‘पी’. एखादं मूल राहिलं, घर बंद होतं, आईने नको म्हटलं, तर ‘एक्स’. ‘एक्स’ म्हणजे या घरी परत यायचं. पोलिओ हटला तो या परत जाण्याने. शंभरातली नव्वद मुलं झाली म्हणून कोणी बॅनर गुंडाळला नाही.

आता सांगा, तुमच्या क्लबने दिलेल्या आरओ मशीनवर, लावलेल्या झाडांवर, तपासलेल्या डोळ्यांवर अशी खूण कोण करतं? शिबिरात मोतीबिंदू निघालेले आजोबा ऑपरेशनला पोचले का, ही यादी कोणाकडे आहे?

हे वाचणाऱ्यांपैकी काहीजण रोटरॅक्टमध्ये असतील, लिओ क्लबमध्ये असतील, एनएसएसचे तास भरत असतील. मोठ्या क्लबातल्या काकांकडे पैसा आहे, तुमच्याकडे वेळ आहे आणि मागचं ओझं नाही. म्हणून पुढच्या मीटिंगमध्ये चार गोष्टी मागा.

एक, नवा अध्यक्ष आला की त्याचा पहिला कार्यक्रम मागच्या वर्षीच्या प्रकल्पाच्या जागी. नारळ नको, हार नको. नळ सुरू करून बघायचा.

दोन, वस्तू देताना तिच्या तीन वर्षांच्या देखभालीचे पैसे बाजूला ठेवायचे. तेवढे नसतील तर दहाऐवजी चार शाळा घ्यायच्या.

तीन, प्रत्येक कार्यक्रमानंतर तीन आकडे जाहीर करायचे: किती जमले, किती खर्च झाले, किती पोचले.

चार, घेणाऱ्या मुलाचा चेहरा पोस्ट करायचा नाही. देणाऱ्याला पुरावा हवा असेल तर पावती आहे.

काका म्हणतील, “फोटो नसेल तर देणगीदार कसे येतील?” त्यांना सांगा, पुढच्या वर्षी चालू नळाचा फोटो टाकू.

माझं दप्तर जूनमध्ये मिळालं होतं, दिवाळीपर्यंत त्याची चेन तुटली. आईने सुतळी बांधून दिली आणि मी ते दहावीपर्यंत वापरलं. दोनदा काढलेला तो फोटो क्लबच्या अहवालात छापला असेल. मला ते दप्तर दिलं त्या शाळेत त्यानंतर क्लबचं कोणी आलेलं मी पाहिलं नाही.