सबलिमिनल बनवा, पण आवाज वाढवून!

परीक्षेचं टाइमटेबल लागलं की हॉस्टेलवर काही गोष्टी ठरलेल्या असतात. झेरॉक्सच्या दुकानापुढे रांग लागते, ग्रुपवर ‘आयएमपी’ फिरायला लागतात. हल्ली त्यात आणखी एकाची भर पडली आहे, ती म्हणजे सबलिमिनल. ‘माझं लक्ष विचलित होत नाही’, ‘एकदा वाचलेलं मी विसरत नाही’ अशी वाक्यं लो-फाय म्युझिकखाली किंवा पावसाच्या आवाजाखाली इतकी हळू मिसळायची, की ती कळूच नयेत. आपल्याला ऐकू आलं नाही तरी अंतर्मन ऐकतं, असा त्यामागचा फंडा!

रेडीमेड ट्रॅकमध्ये कोणी काय भरलंय याचा भरवसा नाही, म्हणून अनेक जण आता ते घरीच बनवतात. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचा, ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये गाण्याखाली टाकायचा, वीस-पंचवीस डेसिबलने खाली आणायचा, लूप लावायचा आणि एमपीथ्री काढायची. अर्ध्या तासाचं काम. या जुगाडाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वाक्य लपवण्याबद्दल.

आधी तांत्रिक गंमत बघा. एसटी स्टँडवर गाडी घरघरत असताना शेजारचा काय पुटपुटतोय ते कळत नाही. मोठ्या आवाजाआड लहान आवाज असा बुडून जातो, त्याला मास्किंग म्हणतात. एमपीथ्री याच गोष्टीवर चालते. माणसाच्या कानाला ऐकू येणारच नाही असा भाग ती ढोबळ करून टाकते किंवा सरळ गाळते, म्हणून तर फाइल लहान होते. म्हणजे तुम्ही वाक्य जितकं झकास लपवाल, तितकी ते फाइलमधूनच उडून जाण्याची शक्यता जास्त. मग रात्रभर अंतर्मन ऐकतंय काय? नुसतं गाणं!

या कल्पनेची जन्मकथाही फार भरवशाची नाही. १९५७ साली अमेरिकेत जेम्स व्हिकरी या जाहिरातवाल्याने दावा केला, की सिनेमाच्या पडद्यावर क्षणार्धात चमकून जाणाऱ्या संदेशांमुळे पॉपकॉर्न आणि कोकचा खप वाढला. जगभर खळबळ उडाली. पाच वर्षांनी त्यानेच कबूल केलं, की हाताशी पुरेशी माहिती नव्हती, तो एक गिमिक होता. कबुली मागे पडली आणि दावा मात्र आजही फिरतोय.

कॅसेटच्या जमान्यात अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर मस्तच प्रयोग केला. २३७ जणांना स्मरणशक्ती किंवा आत्मविश्वास वाढवणाऱ्या सबलिमिनल कॅसेट दिल्या, पण काहींची लेबलं गुपचूप बदलली. १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. महिनाभर ऐकूनही कॅसेटमधल्या संदेशाचा दाव्याप्रमाणे परिणाम दिसला नाही. तरीही एक तृतीयांशाहून अधिक लोकांना लेबलवर लिहिलेल्या गोष्टीतच आपली प्रगती झाल्यासारखी वाटली.

कोणी म्हणेल, वाटलं ना बरं? मग बिघडलं कुठे? बिघडतं ते असं, की ‘स्मरणशक्ती वाढली’ असं वाटलं की रिव्हिजन उद्यावर जाते. निकाल मनासारखा लागला नाही तर खापरही स्वतःवरच फुटतं, ‘मी मनापासून विश्वास ठेवला नसेल.’ ट्रॅकवर कोणी संशय घेत नाही. आणि प्रकरण अभ्यासापाशी थांबत नाही. गोरा रंग, वेगळ्या रंगाचे डोळे, वाढलेली उंची यांचेही ट्रॅक असतात. आवाजाने त्वचेचा रंग बदलत नाही, हे सांगायची गरज पडू नये. पण रोज रात्री ‘मी गोरी आहे’ कानात घालून झोपणारी मुलगी नकळत ‘मी आहे तशी चालत नाही’ हे मान्य करत असते. फेअरनेस क्रीमच्या जाहिराती निदान दुसऱ्याच्या आवाजात तरी होत्या!

मग या सगळ्यात कामाचं काहीच नाही? आहे की. वाक्य ठरवणं, ते तोंडाने म्हणणं आणि स्वतःचा आवाज ऐकणं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले नोआ फॉरिन आणि कॉलिन मॅक्लाऊड यांनी लोकांना शब्द चार प्रकारे दिले. मनात वाचलेले सगळ्यांत कमी लक्षात राहिले. त्याहून जास्त दुसऱ्याच्या आवाजात ऐकलेले, त्याहून जास्त स्वतःच्याच रेकॉर्ड केलेल्या आवाजात ऐकलेले. आणि सगळ्यांत जास्त? स्वतः मोठ्याने वाचलेले. ‘मोठ्याने वाच, मला स्वयंपाकघरात ऐकू आलं पाहिजे’ असं म्हणणाऱ्या आया उगाच ओरडत नव्हत्या.

म्हणून तेच ॲप उघडा, तोच माइक घ्या. फक्त गाणं काढा आणि आवाज वर आणा. ‘मी टॉपर आहे’च्या जागी व्याख्या, सूत्रं, सनावळ्या भरा आणि लोकलमध्ये, बसमध्ये, मेसच्या रांगेत ऐका. स्वतःला बजावायचंच असेल तर ‘आज जेवणाआधी अकाउंट्सची दोन गणितं सोडवणार’ असं बजावा. रात्री ते खरं झालं की नाही हे तपासता येतं.

आणि एखादं वाक्य मोठ्याने म्हणायची लाज वाटत असेल, तर ते गाण्याखाली दडपू नका. ते आपल्या डोक्यात कोणी घातलं, हे आधी विचारा.