दुखण्याचा निरोप

गेल्या उपवासकाळात आम्हांस इंदूरला जाण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ तेथे मुलाकडे अंथरुणास खिळले होते. कर्करोग हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी दिलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मात्र कपाटात तशाच पडून होत्या. "फादर, ही अफूच ना? बाबांना शेवटी व्यसनी करून का पाठवायचे?" सूनबाईंनी विचारले. आजी म्हणाल्या, "प्रभूने क्रुसावर गंधरस घातलेला द्राक्षारस घेतला नाही, मग ह्यांनी का घ्यावे?"

अफूचे भय माळव्यात असावे यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू इंदूरात तोलली जाई, इंग्रज सरकार तिच्यावर कर घेई आणि ती मुंबईहून चीनला जाई. मंदसौर-नीमचच्या शेतांत आजही सरकारी परवान्याने खसखशीची झाडे फुलतात. आणि आमच्याकडे तरी रडणाऱ्या तान्ह्यास अफू चाटविण्याची घातक रीत होतीच की!

परंतु झाडाचा चीक माणसाचे दुखणे ओळखतो कसा? १९७३ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी दाखविले, की मेंदूतील पेशींवर मॉर्फिन बसेल अशा नेमक्या जागा असतात. त्यांस रिसेप्टर म्हणतात. देवाने माणसाच्या मेंदूत अफूसाठी जागा का ठेवावी? उत्तर १९७५ साली स्कॉटलंडमध्ये मिळाले. ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज व हान्स कोस्टर्लित्स यांस डुकराच्या मेंदूत शरीराने स्वतःच बनविलेली वेदनाशामक द्रव्ये सापडली. जागा त्यांची, अफू ही परकी किल्ली तेथे बसते, एवढेच.

हा रिसेप्टर पेशीच्या आवरणातून आरपार गेलेला असतो. औषध त्यावर बाहेरून बसले की त्याचा आकार पालटतो, आतल्या बाजूस जी-प्रथिन नावाचा हरकाऱ्या मोकळा होतो, कॅल्शियमची द्वारे मिटतात आणि दुखण्याचा निरोप पुढच्या पेशीपर्यंत जाता जाता क्षीण होतो. असेच रिसेप्टर श्वासाच्या केंद्रात व आतड्यांतही आहेत. म्हणून मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची, आणि जोडीला शौचाचे औषध घ्यावयाचे. रोजच्या औषधास पेशी सरावते, ते एकाएकी तोडल्यास शरीर कासावीस होते. पण हा सराव म्हणजे नशेची हाव नव्हे.

सूनबाईंना आम्ही एवढे सांगितले. आजींना पोप पायस बारावे यांचे २४ फेब्रुवारी १९५७ चे भाषण सांगितले. स्वेच्छेने दुःख सोसणे थोर, परंतु ते कोणावर बंधनकारक नाही. मरणोन्मुखाची वेदना शमविण्यासाठी औषध देणे, त्याने आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला तरी, ख्रिस्तसभेस मान्य आहे. मारण्याचा हेतू मात्र नसावा.

बाबांना कोणी विचारलेच नव्हते. आम्ही विचारले. त्यांनी हात पुढे केला.

डॉक्टरांना फोन करून मात्रा पुन्हा नीट समजून घेतली. त्या रात्री ते झोपले. सकाळी आम्ही परमप्रसाद घेऊन गेलो, तेव्हा प्रभूची प्रार्थना त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः म्हटली.